फणेरपेटीतला तांबडा ठिपका

मावशी आधी डोळे मिटायच्या. मग उजव्या हाताचा अंगठा समोरच्या वस्तूवरून सावकाश फिरवायच्या. वस्तू कोणाची, कुठली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. माझ्या दुकानाचं काउंटर असो की गिऱ्हाइकाचं हेल्मेट, त्यावर काही चिकटवलेलं दिसलं की अंगठा गेलाच. आणि निकाल ठरलेला.

"कड लागतीया. कच्चं काम हाय."

कसबा बावड्यात माझं रंगाचं दुकान आहे. मावशी तिथल्या गिऱ्हाईक. साठीपुढची एकटी बाई म्हणून मी मावशी म्हणायचो आणि त्या मला नुसतं 'दुकानदार' म्हणायच्या. पांढरा गोंद, बारीक पॉलिश पेपर, वॉर्निशचा लहान डबा, एवढीच त्यांची खरेदी. पण तेवढ्यासाठी अर्धा तास उभ्या राहायच्या आणि डब्याचं झाकण उघडून वास घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. वैताग येतो, आणि चार दिवस दिसली नाहीत की चुकल्याचुकल्यासारखंही होतं.

हा नाद त्यांना महापुरानंतर लागला. घरात छातीइतकं पाणी आठवडाभर होतं. ते ओसरल्यावर लाकडी सामानावर पाण्याची रेघ राहिली, ती काही केल्या निघेना. त्यांच्या उचगावच्या भाचीनं त्यांना मोबाइलवर डेकोपाज दाखवलं. नक्षीचा पातळ कागद कापायचा, गोंदानं लाकडावर बसवायचा, मग वॉर्निशचा हात द्यायचा, वाळला की घासायचा, पुन्हा हात द्यायचा. कागदाची कड बोटाला लागेनाशी झाली की काम संपलं.

मावशींनी त्या रेघेवर गुलाब बसवले. कपाट, फडताळ, दाराच्या चौकटी, सगळीकडे एकाच उंचीवर गुलाबांचा पट्टा. नवखा पाहुणा म्हणायचा, किती हौशी बाई आहे. आमच्या गल्लीतलं माणूस मात्र त्या पट्ट्याची उंची आपल्या छातीशी ताडून बघायचं.

मग गल्लीतल्या मुलींच्या रुखवतात त्यांची कामं दिसू लागली. मोरांचं सूप, कमळांची परडी, एकदा तर दुधाची किटलीसुद्धा. रुखवत बघायला गेल्या की दुसऱ्यांच्या वस्तूंवरही अंगठा फिरवायच्या. एका नवरीची आई चिडून म्हणाली, "मावशी, लगीन हाय, परीक्षा न्हाय!" त्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणून तर पास केलं." माझ्या बसायच्या स्टुलावरही त्यांनी न विचारता गुलाब चढवले. "गुलाबावर बसल्याला दुकानदार" म्हणून गिऱ्हाइकं अजून माझी थट्टा करतात. स्टूल मी बदललेलं नाही.

पण ही सगळी वरवरची कामं होती. त्यांचं खरं काम एकच होतं आणि ते त्यांनी सगळ्यांत शेवटी हातात घेतलं.

त्यांना एक मुलगी होती. नऊ वर्षांची होऊन गेली. शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली, असा तिचा एक फोटो होता. तो घरी आला त्याच दिवशी बेंदूर होता. दारात बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं, आणि पोरीनं तांबड्या ऑइल पेंटचं ओलं बोट फोटोच्या कोपऱ्यावर टेकवलं. नवा फोटो खराब केला म्हणून मावशींनी तिला एक धपाटा घातला. त्याच पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन ती गेली. फोटोवर तेवढं बोट राहिलं. पुढं कित्येक वर्षांनी फोटो पुरात बुडाला, फ्रेमच्या काचेला चिकटला, सोडवताना कडा फाटल्या, पण ऑइल पेंट तो, जागचा हलला नाही.

हे सगळं मला फार उशिरा कळलं, आणि ज्या वेळी कळलं त्या वेळी कळून काही उपयोग नव्हता.

मावशींनी भाचीकडून फोटोची रंगीत झेरॉक्स काढून भिंतीवर लावली. मूळ फोटो मात्र त्यांना फणेरपेटीत हवा होता. फणी, कुंकू, तेलाची बाटली ठेवायची ती जुनी लाकडी पेटी. झाकणाच्या आतल्या आरशात बघून त्यांची मुलगी वेण्या घालून घ्यायची. आरसा पुरानं डागाळला होता. तो काढून त्या जागी त्यांनी फोटो बसवला आणि वरून वॉर्निशचे हात दिले.

घाई नडली. जुलै महिना, हवेत ओल, नदीचं पाणी रोज वर चढत होतं. पुन्हा पूर यायच्या आत पोरीवर वॉर्निश चढलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. ओल आत अडकली आणि वॉर्निश दुधासारखं पांढरं पडलं. खालचा चेहरा दिसेना. छत्रीखाली पेटी पोटाशी धरून त्या दुकानात आल्या. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दुकानदार, पोरगी दिसंना झाली ओ."

मी हसलो. या धंद्यात माझे केस पांढरे झालेत, मला कशाची भीती? "एवढंच ना? थिनरनं निघतंय ते. बसा तुम्ही." त्यांना गुलाबाच्या स्टुलावर बसवलं. धोतराची एक पांढरी चिंधी घेतली, थिनरमध्ये बुडवली आणि हलक्या हातानं पुसत गेलो. पांढरेपणा गेला. आधी एक वेणी दिसली, मग कपाळ, मग डोळे. माझा हात चांगला चालला होता. कोपऱ्यात रंगाचा एक तांबडा डाग दिसला, तोही मी निपटून काढला.

"घ्या. डागबी काढला बघा."

मावशींनी पेटी मांडीवर घेतली. डोळे मिटले आणि अंगठा त्या कोपऱ्यावर ठेवला. बराच वेळ तिथंच ठेवला. मग बेंदराची गोष्ट सांगितली, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्या कोणाची असावी तशी.

"ते तिचं बोट हुतं."

काउंटरवर पडलेल्या चिंधीवर तांबडा फरांटा होता. मी म्हणालो, "मावशी, मला ठावं नव्हतं."

"तुम्हास्नी कसं ठावं असंल? मीच बोललो न्हाई." त्या उठल्या. "चिंधी द्या ती. जातो मी."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मावशी दुकानात आल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मला धीर झाला नाही, हे कबूल करतो.

हिवाळाभर भाची येत राहिली. दर वेळी वॉर्निशचा लहान डबा आणि बारीक पॉलिश पेपर. मी विचारायचो, "मावशी काय करतात?" ती म्हणायची, "काय की काका. खिडकीपाशी बसून घासत असत्यात. आमाला बघू देत न्हाईत." एवढं वॉर्निश कशाला लागतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

उन्हाळा लागता लागता मावशी गेल्या. तेरावा झाल्यावर भाची फणेरपेटी घेऊन दुकानात आली.

"मावशीनं सांगितल्यालं, दुकानदारास्नी एकदा दाखव म्हणून."

मी झाकण उघडलं. मुलगी स्वच्छ दिसत होती. आणि कोपऱ्यात, जिथून मी बोट पुसलं होतं नेमकं तिथं, तांबडा ठिपका होता. मी पेटी उजेडाला धरली, तेव्हा त्यात सुताचे धागे दिसले. माझ्याच चिंधीचा तुकडा. जिथं रंग सगळ्यांत गडद उतरला होता तेवढाच, नऊ वर्षांच्या बोटाच्या मापाचा, कातरलेला.

कापड कागदापेक्षा जाड. त्याची कड बुजवायला किती हात लागले असतील, हे माझ्यासारख्याला सांगायला नको.

मी डोळे मिटले आणि ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. भाची म्हणाली, "काका, रडताय व्हय?"

कड लागली नाही.