पन्हाळाखालची कर्दळ

निरोप आला तेव्हा मी सिरसाळ्याच्या बाजारात होतो. पावसाची झड लागली होती. आमचे शेजारी रहमानभाई गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या वैनी गेल्या." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "भिंत?"

"भिंत उभी हाय. तापानं गेल्या..."

तेलगावजवळच्या आमच्या घरी थोरल्या भावाची बायको म्हणून वहिनी आली, ती भीती पदरात बांधूनच. गेवराईकडच्या तिच्या माहेरी पावसात मातीची भिंत बसली आणि तिची आई निजल्या जागी गेली. आमचंही घर माळवदाचं, वर सपाट मातीचं छत, भिंती पांढऱ्या मातीच्या. छतावरचं पाणी पन्हाळातून मागच्या अंगणात पडायचं आणि तिथंच साचायचं. दिवाळीपर्यंत चिखल हटत नसे. भिंत भिजू नये म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या पायाशी शेतातल्या काळ्या मातीची भर घातली होती. काळी माती पाणी धरून ठेवते हे आम्हाला शेतात कळायचं, अंगणात कळलं नाही. वहिनी रोज सकाळी वाकून भिंतीला तळहात लावून बघायची. ओल गुडघ्याएवढी चढली, तेव्हा तिला अन्न गोड लागेना.

सासऱ्याशी ती थेट बोलत नसे. बोलायची माझ्याशी, ऐकवायची त्यांना. "भावजी, ही काळी माती काढावी म्हन्ते. पानी लांब न्यावं, खड्ड्यात सोडावं, अन् तितं कर्दळ, आळू, वाळा लावावा. ते पितेत पानी."

आबाही मलाच म्हणाले, "इचार तिला, खड्डा खंदून घर पाडायचं हाय का? अन् कर्दळीत साप येतेत."

वहिनीचा चेहरा उतरला. सापाला ती भिंतीइतकीच भ्यायची. तरी हळूच म्हणाली, "साप दिसतो तरी, भावजी. भिंत पडायची कळत न्हाई."

आबांनी कोपऱ्यातली कुदळ माझ्यापुढं ठेवली, तोच होकार. उन्हाळ्यात वहिनीनं आणि मी काळी माती काढली, भिंतीपासून लांब मुरूम लागेपर्यंत खड्डा खणला आणि काठानं कर्दळ लावली. हैदराबादहून आलेल्या तहसीलदारापुढं ताठ बसणाऱ्या आबांनी पहिल्या मोठ्या पावसात आपली खाट मुकाट्यानं गोठ्यात हलवली. पाणी खड्ड्यात शिरलं, काठोकाठ चढलं... वहिनी उंबऱ्यात माझा हात घट्ट धरून उभी. दुपारपर्यंत सगळं पाणी मुरमात उतरलं. पुढं कर्दळ दाट झाली आणि वहिनी काठी आपटत, "जा बाबा तुझ्या वाटनं," असं पुटपुटत तिथं निंदायला जाऊ लागली. भ्यायची, पण गेल्यावाचून राहायची नाही.

परवा पुन्हा झड लागली. कर्दळ लाल फुलली आहे, खड्डा पाणी घेतो आहे, तरी माझी छाती धडधडते. इतकी वर्षं आमच्या वाटणीचं वहिनी भ्यायची, म्हणून आम्ही बिनघोर झोपलो. सकाळी भिंतीपाशी गेलो. तिच्या हातानं सारवण जिथं काळवंडलं आहे, तिथं वाकून तळहात टेकवला. भिंत कोरडी होती. खात्री पटेना, म्हणून मी दुसराही हात लावला.