चिंधीच्या पोटातली सुई

माझ्या दादाला लोंबता दोरा बघवत नाही. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, नाहीतर बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेला अनोळखी माणूस असो, कॉलरला किंवा बाहीला धागा लोंबताना दिसला की दादाचा हात आपोआप कमरेला जातो, तिथे अडकवलेली छोटी कात्री बाहेर येते आणि धागा गायब. एकदा बँकेच्या रांगेत त्याने पुढच्या बाईच्या पाठीवरचा धागा कापला. तिने असा काही आरडाओरडा केला की रखवालदार धावत आला. वहिनीने आणि मी हातापाया पडून त्याला सोडवलं. घरी आल्यावर म्हणतो कसा, "पण धागा होता ना!"

दादा शिंपी आहे. पुढे एका खोलीचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. दादा मापं घेतो आणि कापतो, वहिनी मशीनवर बसते, आणि मी त्याची धाकटी बहीण काजं-बटणं, हातशिलाई आणि तोंडाची टकळी सांभाळते. आमच्या धंद्यात जो कापतो तो मास्तर, बाकीचे नुसते हात. म्हणून दादाच्या मोठ्या कात्रीला कुणी बोट लावायचं नाही, असा दुकान उघडल्यापासूनचा कायदा. वहिनी लग्नाआधी तिच्या वडिलांच्या दुकानात कापत असे. तिचा हात सफाईदार, हे दादालाही ठाऊक होतं. पण इथे आल्यापासून तिच्या वाट्याला मशीनच.

गेल्या वर्षापासून दादाचे डोळे बिघडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सरळ कबूल करेल तर तो दादा कसला! सुई ओवता येईना तेव्हा म्हणाला, "हल्ली लेकाचे सुयांची भोकंच बारीक करतात." शेवटी मीच तोड काढली. सकाळी चांगल्या उजेडात मी बऱ्याच सुया ओवून ठेवायची, दोरे हातभर लांब सोडून, आणि सगळ्या सुया कापसाच्या उशीत टोचायची. दादा दिवसभर एकेक उपसून वापरायचा. आम्ही दोघांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. वहिनी सगळं बघत होती. घरखर्चातून काटकसर करून तिने ऑपरेशनचे पैसे साठवले आणि दादाला न विचारता पुढच्या महिन्याची तारीखही घेऊन आली.

आता चिंधीचं सांगते. चिंधी म्हणजे आमची मांजर. कापलेल्या तुकड्यांच्या पोत्यात कुणीतरी पिल्लू आणून टाकलं होतं. दादा म्हणाला, उद्या सोडून येऊ. तो उद्या काही उजाडला नाही. "हिचे केस गिऱ्हाइकाच्या कपड्याला लागतात" म्हणून दिवसभर तिच्यावर डाफरायचा, आणि दुपारी ती त्याच्या मांडीवर झोपली की पाय आखडला तरी हलायचा नाही. त्यावर मी काही बोलले तर म्हणायचा, "तू आपली बटणं लाव."

त्या दिवशी सकाळी चिंधी दुधाकडे आलीच नाही. कटिंगच्या टेबलाखाली मान पुढे ताणून बसली होती. तोंडातून लाळ गळत होती, मधूनच उलटीची उबळ यायची आणि बाहेर काही पडायचं नाही. मी हात लावला तर गुरगुरली. माझ्यावर ती कधी गुरगुरली नव्हती.

"नाटकं आहेत सगळी," दादा म्हणाला. पण कापायला घेतलेलं कापड त्याने तसंच गुंडाळून ठेवलं आणि थोड्या वेळाने स्वतःच शटर ओढलं. "चला, दाखवून आणू. नुसतं दाखवायचं हं. औषधपाणी काही नाही."

जनावरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. आम्ही तिला टोपलीत घालून नेलं, वर जुन्या कोटाचं अस्तर टाकलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी पोट दाबून पाहिलं तशी चिंधी ओरडली आणि दादाने तोंड फिरवलं.

"एक इंजेक्शन देऊन टाका," तो म्हणाला. "त्याच्यापुढे नको."

"एक्सरे काढायला लागेल."

"बरं, काढा. पण त्याच्यापुढे एक पैसा नाही."

एक्सरे निघाला. बाईंनी तो उजेडावर धरला. चिंधीच्या पोटात सुई होती. अगदी स्पष्ट, नेढ्यासकट. माझ्याच हातची. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली बघितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सुईची मला तितकीशी भीती नाही," बाई म्हणाल्या. "भीती दोऱ्याची आहे. दोरा एक्सरेत दिसत नाही. त्याचं एक टोक कुठेतरी अडकतं, दुसरं आतड्यात ओढलं जातं आणि मग आतडं..."

"चुण्या पडतात," दादा म्हणाला.

बाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "हो. अगदी तसंच. गोळा होत जातं. दोरा ताणलेला राहिला की आतडं चिरतो. आज दुपारीच पोट उघडलं तर आशा आहे. नाहीतर मी तिला झोपेचं इंजेक्शन देते, त्रास न होता जाईल. हाल करून घरी ठेवू नका."

मग त्यांनी खर्च सांगितला. वहिनीने साठवलेल्यातले निम्म्याहून जास्त जाणार होते. आणि हा आकडा नुसता अंदाजाचा.

"अंदाज नको, पक्का भाव सांगा," दादा चढ्या आवाजात म्हणाला. "मी कापडाला कात्री लावायच्या आधी भाव सांगतो. नंतर एक पैसा वाढवत नाही."

"आतड्याचा तुकडा काढावा लागला तर वाढेल. वाचेलच असंही मी सांगू शकत नाही. उघडल्याशिवाय कळणार नाही."

"ही काय बोलायची पद्धत झाली?"

मला राहवलं नाही. "दादा, जुना कोट आला की तू काय सांगतोस? उसवल्याशिवाय सांगता येत नाही, हेच ना?"

"तू गप बस."

बाईंनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. सुई आणखी आत सरकायच्या आत ठरवा, म्हणाल्या. टोपली आतच राहिली होती. दारातून चिंधीचा आवाज येत होता, बारीक, दमलेला.

दादा बाकावर बसला नाही. येरझाऱ्या घालत होता. मग वहिनीसमोर थांबला. "करून टाकू या. पैसे तुझ्याकडे आहेत."

"ते कशाचे आहेत, माहितीये ना तुम्हाला?"

"डोळे कुठे पळून जातायत? सहा-आठ महिने काही होत नाही त्यांना. चांगलं दिसतंय मला. उगाच तू घाई केलीस तारखेची."

"चांगलं दिसतंय?"

"नाहीतर काय! कापतोय की रोज."

वहिनी हळू आवाजात बोलायला लागली. ती रागावली की आवाज चढत नाही, उतरतो. "मला काय तिचा लळा नाही? सकाळी पहिलं दूध मी घालते तिला. पण तुमचे हात थांबले तर आपण तिघं काय खायचं? आणि त्या बाई तर म्हणतायत वाचेलच असं नाही. पैसेही जायचे, मांजरही जायची, आणि डोळे आहेत तिथेच. मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

ती बोलत होती त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तरी मला तिचा राग आला. दादाचाही आला. आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण सुई माझी होती आणि पैसे माझ्याकडे नव्हते. माझ्या गळ्यातली साखळी विकू म्हणून मी तोंड उघडलं, तर वहिनी म्हणाली, "ती खोटी आहे गं, मीच आणून दिलीय." इतक्या ताणात मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. "एक विचारायचं राहिलं. काल-परवा तिच्या तोंडातून दोरा लोंबताना दिसला होता का कुणाला? तिने स्वतः चावून तोडला की आणखी काही झालं, ते कळलं तर आत किती दोरा आहे याचा अंदाज येईल. बाहेर दिसला तेव्हाच आणली असती तर सुई बहुतेक घशातूनच निघाली असती."

मी नाही म्हणून मान हलवली. वहिनीनेही हलवली. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"मी कापला," तो म्हणाला.

तो वळला. माझ्या दादाचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"काल दुपारी. मांडीवर बसली होती. मला वाटलं, छातीच्या केसांना धागा चिकटलाय. हात गेला आणि कापला. चार बोटं असेल. बाकीचा आत गेला असणार."

बाईंनी मान डोलावली. "म्हणजे बराच आहे. लवकर सांगा मला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

वहिनी उठून दादाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "तोंडातनं आलेला दिसला नाही तुम्हाला?"

"नाही."

"मांडीवर होती. हातभर अंतरावर."

"नाही दिसला गं."

"आणि हे डोळे सहा-आठ महिने थांबणार आहेत."

दादाने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. एका वाक्यात याने स्वतःचंच म्हणणं खोडून काढलं होतं. खोटं बोलला असता तर कदाचित वहिनी विरघळली असती. आता तिच्या हातात पुरावाच दिला होता. आत चिंधी पुन्हा ओरडली आणि मग एकदम गप्प झाली. ते गप्प होणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

वहिनीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मांजराची काही चूक नाही. तुमच्या डोळ्यांची आहे. तर डोळ्यांच्याच पैशातून निस्तरू. देते मी पैसे."

दादाने वर पाहिलं.

"पण कात्री मला द्यायची."

दादाचा हात कमरेला गेला. त्याने छोटी कात्री काढून तिच्यापुढे धरली.

ती घेऊन वहिनी म्हणाली, "ही नाही. मोठी."

"मोठी... दुकानात आहे."

"मला माहितीये कुठे आहे. डोळ्यांचे पैसे पुन्हा साठेपर्यंत आणि डोळे बरे होईपर्यंत कापणार मी. मापं तुम्ही घ्यायची, टेबलावर मी. गिऱ्हाइकाला जे सांगायचं ते तुम्ही सांगा. हे जमणार असेल तर मी आत जाते."

मला दादा माहीत आहे. त्याने दुप्पट पैसे आनंदाने मोजले असते. मशीन विकलं असतं. पण गिऱ्हाइकांसमोर टेबलापासून बाजूला व्हायचं, मास्तर म्हणवून घेऊन बटणं लावायची, हे त्याच्याकडून कधी झालं नसतं. तो बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बोल ना, ती मरेल आत.

"लोक काय म्हणतील?" तो म्हणाला.

"लोक कपडे बघतील."

मग तो म्हणाला, "दिली." इतक्या हळू, की वहिनीने विचारलं, "काय?" आणि त्याला ते पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

पुढची दुपार कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. वहिनी घरी जाऊन पैसे घेऊन आली. दार बंद झालं. दादा सारखा कमरेला हात लावायचा, तिथे काही नाही हे लक्षात आलं की हात मांडीवर ठेवायचा. छोटी कात्रीही वहिनीने परत दिली नव्हती. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण डोक्यात सारखी ती उशी येत होती आणि तिच्यावरून खाली लोंबणारे लांबलचक दोरे. आखूड ठेवले असते तर!

दार उघडलं तेव्हा आम्ही तिघंही एकदम उभे राहिलो. बाईंच्या हातात छोटं तबक होतं. त्यात सुई आणि तिच्यामागे गुंता झालेला निळा दोरा, कोटाच्या कामाचा. आतड्याचा तुकडा काढावा लागला होता. "माझ्याकडून जेवढं व्हायचं तेवढं झालंय," त्या म्हणाल्या. "आता तिच्यावर आहे. पाणी प्यायली की समजू."

दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. दादा सकाळ-संध्याकाळ जाऊन पिंजऱ्यापाशी बसायचा, तिच्यावर डाफरायचा. "नखरे पुरे झाले, चल, पी." तिसऱ्या दिवशी दुपारी तो जवळजवळ धावतच दुकानात शिरला. गिऱ्हाईक समोर उभं होतं. "प्यायली!" तो ओरडला, आणि सगळ्यांदेखत रडायला लागला. गिऱ्हाइकाला वाटलं, घरात बाळ आजारी असणार. आम्हीही त्याला तसंच वाटू दिलं.

चिंधी घरी आली ती टाके चाटू नये म्हणून प्लास्टिकची मोठी कॉलर घालून. ती कॉलर दाराला, खुर्चीला आपटायची आणि ती बिचारी मटकन खाली बसायची. वहिनी म्हणाली, त्यापेक्षा पोटाला अंगरखाच घालू. बाईंनीही चालेल म्हणून सांगितलं.

इतके दिवस कुणीच हात न लावलेली खुंटीवरची मोठी कात्री दादाने त्या दिवशी काढली. फडक्याने दोन्ही पाती पुसली आणि टेबलावर वहिनीच्या उजव्या हाताशी ठेवली. मग चिंधीला मांडीवर घेऊन, बोटांनी चाचपत, टेप लावून माप सांगितलं. "पोट सैल धर. पुढच्या पायांना मोकळं." वहिनीने मऊ कापड पसरलं, खडूने आखलं आणि कापायला सुरुवात केली. दादा टेबलाकडे बघत नव्हता. मान वाकडी करून कात्रीचा आवाज ऐकत होता.

अंगरखा बेतशीर बसला. चिंधीने दोन पावलं टाकली, थांबली, आणि पुन्हा दादाच्या मांडीवर चढली. नव्या शिवणीचा एक दोरा तिच्या पोटाखाली लोंबत राहिला होता. दादाला तो अंधुकसा दिसला असावा, नाहीतर बोटाला लागला असावा. त्याचा हात कमरेला गेला. तिथे काही नव्हतं. मग त्याने दुसऱ्या हाताने तो दोरा चिमटीत धरला, ओढला मात्र नाही, आणि माझ्याकडे तोंड केलं.

"बारके, बघ गं जरा. याला सुई नाही ना?"

मी जवळ गेले. दोरा टोकापासून टोकापर्यंत दोनदा बघितला.

"नाही रे दादा."

"मग तूच काप," तो म्हणाला आणि हात मागे घेतला.