चिखलाबाहेरचा हंगाम

आमच्या अण्णांना चिखलानं खाल्लं, असं कावेरीकाठच्या आमच्या पापनाशमात लोक अजून म्हणतात. मी तिसरीपुढं शिकलो नाही, पण डोळ्यांसमोर झालं ते मला कुणी शिकवू नये.

अण्णा माझे थोरले भाऊ. शुगर जुनी. कालव्याला कावेरीचं पाणी आलं की भाताच्या रोपांची पहिली मूठ घरातल्या थोरल्यानं अनवाणी चिखलात उतरून लावायची, ही आमची रीत. घरोघरी केबल टीव्ही येत होता तेव्हाची गोष्ट, पण रीत तीच. त्या वर्षी टाचेला भेग असताना अण्णा उतरले. मी शेजारीच होतो.

काही आठवड्यांनी त्यांना ताप भरला, तो हटेना. गावच्या डॉक्टरनं टीबी ठरवला. महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या गिळून नुसती हाडं राहिली, वर मांडीत गळू झालं. पू तपासायला दिला तर म्हणे नमुन्यात बाहेरची घाण पडलीय, टाकून द्या. मी ऐकलं नाही. अण्णांना उचलून मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तमिळीत सांगितलं, "घाण नाही अय्या, हाच रोग. हा जंतू शेताच्या चिखलात असतो. अंगातले रखवालदार त्याला गिळून मारतात. शुगरवाल्याच्या अंगात तो मरत नाही. रखवालदारांच्याच पोटात घर करतो."

"मीही त्याच चिखलात होतो."

"तुम्हाला शुगर नाही."

इंजेक्शनांनी ताप उतरला. पुढं बरेच महिने गोळ्या, आणि चिखल बंद, असं बजावून त्यांनी घरी सोडलं.

पुन्हा पाणी आलं तसे अण्णा धोतर खोचून निघाले. वहिनींनी रबरी बूट पुढं केले.

"बूट घालून लक्ष्मीच्या अंगावर चढू?"

मी बांधावर आडवा उभा राहिलो.

"मी जिवंत असताना तू लावणार? मोठा मिरासदार झालास."

"झालो. तुम्ही घरी चला."

लावणीच्या बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मी उतरलो आणि मूठ लावली. त्यात माझं काही चुकलं नाही, आजही म्हणतो.

अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शेतात पाय मात्र घातला नाही. फक्त गोळ्या सोडल्या. वहिनींना म्हणाले, "रोग चिखलाचा. चिखल त्यानं काढून घेतला, आता गोळ्या कशाला?" अंगावर मांस धरू लागलं होतं, त्यामुळं वहिनींनाही पटलं. धाकट्याला सांगायचं नाही, अशी त्यांना शपथ घातली होती.

दाणे भरत असताना ताप पुन्हा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवा नाही, जुनाच, आत दडून बसलेला. या खेपेला इंजेक्शनं चालली नाहीत.

मी खाटेशी बसलो होतो. अण्णांनी डोळे उघडले.

"पीक कसं आहे?"

"भरलंय. उठा लवकर, कापायचंय."

"लावताना मी नको होतो," ते म्हणाले. "कापताना कशाला?"

त्यानंतर ते कुणाशीच बोलले नाहीत, आणि गेले.

सुतकात आम्हाला शेतात पाय ठेवता येईना, आणि पिकलेलं भात कुणासाठी थांबत नाही. मजुरांनी आपणच कापलं, झोडलं, पोती आणून ओसरीवर रचली. आत कुठं ठेवू, म्हणून मी वहिनींना विचारलं.

"कुठंही ठेवा," त्या म्हणाल्या. "आधी दारातली वाट मोकळी करा. लोक भेटायला येतायत."