कुठं चाललास, हे विचारायचं नाही

२०२४ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीत सुटली, दर्या काही सुटला नाही.

आमच्या अर्नाळ्यात दर्यावर निघालेल्याला ‘कुठं चाललास’ असं कुणी विचारत नाही. विचारलं की खेप फुकट जाते, म्हणून निघालेला माघारी फिरतो. माझा मुलगा मालाच्या मोठ्या जहाजावर खलाशी. त्या वर्षी बॅग उचलून उंबऱ्याबाहेर पडताना सून बोलायला गेली, “ह्या वेळी कुठं...” आणि मी तिच्यावर ओरडलोच. मुलगा हसला आणि गेला.

नारळी पुनवेच्या आसपास त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे पाणी काळं आणि त्यावर पांढरे डोंगर.

“कुठं हाय रे तू?”

“रशियाच्या डोक्यावर, बाबा. इथला बर्फ कमी झालाय, उन्हाळ्यात वाट मोकळी होते. चीनहून युरोपला सुएझपेक्षा जवळ पडतं. पुढं पुढं पुष्कळ जहाजं इथूनच जाणार म्हणतात.”

“मग मागे तरंगतोय तो काय?”

“तो वितळायचा राहिलाय.” तो हसला. मी नाही हसलो.

“खाली तळ कसा?”

“सगळीकडचा मोजलेला नाही अजून.”

“आणि मानूस पान्यात पडला तर?”

“बाबा, जेवलात का?”

आता काही दिवस फोन लागणार नाही, घाबरू नका, असं म्हणाला. मी म्हटलं, मी कशाला घाबरतो.

तरुणपणी मी होडीतून पडलो होतो. जाळ्याचा तरंगता बोया धरून रात्रभर तरंगलो आणि वाचलो, कारण आपलं पाणी ऊबदार. दुसऱ्या दिवशी बंदरावर मासळीच्या बर्फात मी कोपरापर्यंत हात खुपसला. थोड्याच वेळात बोटं माझी राहिली नाहीत. मूठ वळेना. बोया धरणार कशानं?

बायको टोपली घेऊन मागे उभी. “काय हरवलं त्यात?”

“काही नाय.”

“मग काढा तो हात. उद्या मला भरवायला लावाल.”

किनाऱ्यावर कुणी मुलाचं विचारलं की मी छाती काढून सांगायचो, “तुमच्या बापजाद्यांतला कोनी गेला नाय तिथं गेलाय.” घरी आलो की घास उतरायचा नाही. सून फोन उशाशी घेऊन बसायची. एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, “त्या दिवशी विचारू दिलं असतंत, तर मी अडवलं असतं त्यांना.” मी ताट सरकवलं.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. मुलगा बर्फातून पार झाला होता. सून रडली, बायकोनं देवापुढं दिवा लावला. मी नुसताच बसलो, कारण तो पुढं म्हणाला, “पुढच्या उन्हाळ्यात परत हीच खेप आहे, बाबा. येतोस का, असं कंपनीनं विचारलंय. उद्या हो म्हणून सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी सुनेला फोन लावायला सांगितला. त्यानं उचलला. मी कसा आहेस विचारलं नाही.

“पुढच्या उन्हाळ्यात कुठं चाललास?” मी मोठ्यानं विचारलं. “कुठं चाललास रे? सांग, कुठं चाललास?”

मग मी फोन सुनेच्या हातात दिला आणि म्हटलं, “आता तू विचार.”