आडाची झाली अडत

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं पेपरानं शिकवलं, म्हणून पेपराला शिव्या द्यायचा माझा हक्क इतरांपेक्षा जास्त आहे असं मी मानतो.

पूर्वीचा पेपर उघडायचा म्हणजे दोन्ही हात ताणावे लागत. वाचून झाला की एका पानात चार भाकरी बांधून शेतात नेता येत. आता एक भाकर बांधली तरी तिची कड बाहेर राहते. पहिल्या पानावर प्लॉटची जाहिरात, दुसऱ्यावर कुण्या भाऊंचा वाढदिवस, अन् भाऊंच्या भोवती शुभेच्छुकांची मुंडकी हरभऱ्याच्या घाट्यांसारखी गच्च. बातमी तिसऱ्या पानावर, ती बी कालच मोबाईलवर फिरून शिळी झालेली. पूर्वी एक काना चुकला तर दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापायचे. आता दिलगिरीतच दोन काने चुकतात.

तरी पेपर बंद केला न्हाई, तो वाचकांच्या पत्रांसाठी. मी पोस्टकार्ड लिहायचो. आमचं गाव औसा तालुक्यात. एका काळी फाट्यावर एसटी थांबत नव्हती. मी कार्ड टाकलं, ते छापून आलं अन् आठ दिवसांत गाडी थांबायला लागली. कंडक्टर मला बघून म्हणायचा, "चला पत्रकार, उतरा." पत्रकार म्हणजे पत्र लिहिणारा, असंच मला वाटायचं. अजून बी वाटतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीनं गावातला आड बुजवायचं काढलं. शहरातल्या लोकांसाठी सांगतो, आड म्हणजे प्यायच्या पाण्याची अरुंद, खोल विहीर. त्यात उतरायला पायऱ्या नसतात, वरून पोहऱ्यानं पाणी शेंदायचं. आता घरोघरी नळ आले, आड कुणाला लागतोय, तिथं पेव्हर ब्लॉक टाकून कमान करू, असं सरपंचाचं म्हणणं. नळ आले हे खरं. नळाला पाणी कधी येतं ते विचारू नका. एका उन्हाळ्यात टँकर फिरकला नव्हता, तवा ह्याच आडानं तीन गल्ल्या जगवल्या. ठराव ग्रामसभेत व्हायचा होता. आमच्या ग्रामसभेला दहा-बारा टाळकी असतात, ती बी चहापुरती. गावाला जागं करायचं तर पत्र छापून यायला पाहिजे, असं मी ठरवलं.

पोस्टानं जायला वेळ लागेल म्हणून कार्ड घेऊन स्वतः लातूरला पेपरच्या हापिसात गेलो. शटर खाली. शेजारचा चहावाला म्हणाला, "काका, आता सगळं अ‍ॅपवर असतंय. हितं फक्त जाहिरातवाला येतो, तो बी बुधवारी."

"अन् पत्रं कोण वाचतं?"

"मशीन वाचतंय म्हणं."

ज्या हापिसात मला खुर्ची देऊन माझं अक्षर लावणारा माणूस बसायचा, तिथं आता कुलूप. कार्ड शटरखालून सरकवावं असं मनात आलं, पण आत उचलणारंच कुणी न्हाई.

घरी येऊन सूनबाईला सांगितलं. ती अंगणवाडीत आहे. लेकरांच्या तोंडात खिचडी पडायच्या आधी खिचडीचा फोटो पाठवावा लागतो, त्यामुळे अ‍ॅप ह्या वस्तूवर तिचा राग माझ्याइतकाच जुना आहे.

"मामा, विषय निवडा म्हणतंय. खेळ, सिनेमा, राशिभविष्य, आरोग्य, शेती व बाजारभाव."

"पाणी?"

"पाणी न्हाई."

"गाव?"

"गाव बी न्हाई."

"मग पेपर कुणाचा आहे हा?"

तिनं शेती व बाजारभाव दाबलं. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. शेवटी पाठवायचं बटण उजळेना. वर अक्षरं आली, शुद्धलेखनाच्या सुधारणा स्वीकारा. न स्वीकारता जायची वाटच ठेवलेली न्हाई. तिनं स्वीकारलं. चूल पेटवायची होती बिचारीला, तिचा काय दोष. दोष माझा, मी म्हणालो नाही की पुन्हा वाचून दाखव.

तिसऱ्या दिवशी छापून आलं. खाली माझंच नाव. मी लिहिलं होतं, 'गावचा आड बुजवू नका.' छापलं होतं, 'गावची अडत बुडवू नका.' मी लिहिलं होतं, 'टँकर आला न्हाई तवा आडानं तीन गल्ल्यांना पाजलं.' छापलं होतं, 'टँकर आला नाही तेव्हा अडतीने तीन गल्ल्यांना पाजले.'

अडत म्हणजे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, शेतकऱ्याचा माल विकून देणाराचं दुकान. सोयाबीन घालणारा सगळा गाव ज्याच्या नावानं बोटं मोडतो, त्याची मी वकिली केली, ती बी छापील!

पारावर मी पाय ठेवायचा अवकाश.

"या तात्या! काय पाजलं अडतीनं? देशी का विलायती?"

"तीन गल्ल्यांना पाजलं अन् आमच्या गल्लीला वगळलं व्हय?"

"नातवाला अडतीत चिकटवलं असंल, दुसरं काय!"

चेष्टा मी सहन करतो, पण शेवटचं बोलणारा चेष्टेनं बोलत नव्हता. त्याला मी पोस्टकार्डाचा खर्डा दाखवला. त्यानं तो बघितला बी न्हाई. "छापलेलं खोटं असतंय का?" म्हणाला. हे वाक्य आयुष्यभर मीच लोकांना ऐकवत आलो होतो.

दुपारी मोंढ्यातला एक जण शाल-नारळ घेऊन दारात हजर. आमची बाजू मांडली म्हणून सत्कार. शाल खांद्यावर पडायच्या आत मी ती धरली अन् त्याच्याच गळ्यात घातली. नारळ मात्र सूनबाईनं ठेवून घेतला.

तक्रार केली. अ‍ॅपचं उत्तर लगेच आलं, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे. आपल्याला हे पत्र कसे वाटले?' खाली पाच चांदण्या.

"एक बी देऊ नको," मी म्हणालो.

"मामा, कमीत कमी एक द्यावीच लागतीय. त्याशिवाय तक्रार जात न्हाई."

म्हणजे शिवी द्यायची ती बी आधी गंध लावून! मी मोबाईल पालथा घातला. दिलगिरी आजतागायत आलेली न्हाई.

ग्रामसभेला मात्र अख्खा मोंढा लोटावा तसा गाव लोटला. सगळे मला धुवायला आलेले. सरपंच खूश, कोरमसाठी माणसं मोजायलाच लागली नाहीत. मी उभा राहिलो अन् खर्डा वाचला, हातातला, माझ्या वाकड्या अक्षरातला. आड म्हणालो तसे मागून हसले. मी पुन्हा म्हणालो, आड. टँकर न आलेल्या उन्हाळ्याचं वाचायला लागलो तसं हसणं थांबलं. बायकांतली एक म्हातारी उठली. "त्या साली पहाटं चारला दोर धरायला मी असायची. बुजवणारानं आधी माझ्यासंगं बोलावं." मग एकेक हात वर झाला. आड ठेवायचा, वर लोखंडी जाळी बसवायची, असं ठरलं.

लोक म्हणतात, चूक झाली म्हणून तर गाव जमला, पेपराचे उपकार माना. बिलकुल मानणार न्हाई. आंधळ्यानं फेकलेला दगड आंब्याला लागला म्हणून त्याला नेमबाज म्हणायचं का?

ग्रामसेवकानं रजिस्टरात ठराव लिहिला. मी तो अक्षर अक्षर लावून वाचला अन् सही केली. उठणार, तर तो म्हणाला, "तात्या, आता हे कॉम्प्युटरवर चढवावं लागतंय."

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. त्यानं 'आड' टाइप केलं, तशी खाली तांबडी रेघ उमटली.

"हे चूक म्हणतंय," तो म्हणाला.

"म्हणू द्या. तुम्ही हात लावू नका."

ठराव आत जाईस्तोवर मी तिथून हललो न्हाई. त्याचा चहा बी मीच प्यालो.