टाकीत सोडलेला दिवा

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेत विज्ञानात तिचा नंबर पहिला. धाकटे दीर चिडवायचे, "ते गुण आता फोडणीला घाल!" तीही हसायची.

दीर आणि आमचे हे मिळून पाण्याच्या टाक्या धुवायचे. मागच्या उन्हाळ्यात दीर एका बंद कारखान्याच्या लोखंडी टाकीत उतरले, ते वर आलेच नाहीत. आत ना पाणी, ना कसला वास. डॉक्टर म्हणाले, गंजानं आतला प्राणवायू खाऊन टाकला होता.

मास्तरीण रडली नाही. घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. एकदा म्हणाली, "ताई, पेल्याखाली मेणबत्ती विझते, हे मी पाठ केलं होतं. पाचपैकी पाच मिळाले. पण टाकीतही तेच होतं, हे कुणी सांगितलं नाही. मलाही सुचलं नाही."

मी म्हटलं, "प्रारब्ध, बाई." तिनं परात उपडी घातली.

काल ह्यांना पुन्हा तसंच काम आलं. जुनी लोखंडी टाकी, कित्येक वर्षं न उघडलेली. पोट काही थांबत नाही. हे दोर खांद्यावर टाकून निघाले. मास्तरणीनं देवापुढचा दिवा उचलला, काडेपेटी आणि सुतळी घेतली आणि मागं निघाली. मीही गेले. पाय चालत होते, एवढंच.

तिनं दिवा डब्यात ठेवून पेटवला, डब्याला सुतळी बांधली.

"ही कसली नवी पूजा?" ह्यांनी विचारलं.

"भाऊजी, आधी दिवा उतरेल, मग तुम्ही."

"अगं, पाण्याची तर टाकी!"

"त्यांचीही पाण्याचीच होती. तेलाची असती तर दिवा आणलाच नसता, भडका उडाला असता."

दिवा पुरुषभर खाली गेला. ज्योत बारीक झाली आणि गेली. वारा नाही, फुंकर नाही. देवाचा दिवा असा जाणं वाईट, असं मी जन्मभर मानत आले. हे टाकीच्या कडेला बसले. खांद्यावरचा दोर उतरवून खाली ठेवला. काम तसंच टाकून आम्ही घरी आलो.

आज भाड्यानं मोठा पंखा आणून दुपारपर्यंत आत हवा सोडली. दिवा तळाशी जाऊनही जळत राहिला, तेव्हा हे उतरले. संध्याकाळी गंजानं माखून घरी आले. मी चहा टाकला. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल.

नंतर मास्तरीण लेकीला घेऊन बसली. देवापुढच्या दिव्यावर तिनं काचेचा पेला उपडा घातला. ज्योत गेली.

"माहितीये गं आई, पुस्तकात आहे," पोरगी म्हणाली.

"पुस्तकातलं झालं. असं आणखी कुठं होईल, ते सांग."

"बंद पेटीत. जुन्या विहिरीत." पोरगी थांबली. आईकडे बघत राहिली. "टाकीत."

"हं. आणखी?"

मी दिवा परत लावला.