वाटीतल्या सुया

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जिपेच्या वाट्यांत सुया लावायचं. माझी बायको अंगणात पाय पसरून बसली होती. मांडीवर फडकं, फडक्यावर सुया. शिवायच्या नव्हेत. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट असतो, पुढच्या चाकांना एक, मागच्यांना एक; त्याच्या टोकाला फुलीसारखा क्रॉस असतो, आणि क्रॉसच्या चारी टोकांवर अंगठ्याच्या पेराएवढ्या लोखंडी वाट्या. वाटीच्या आत कडेकडेनं बारीक सुया उभ्या करायच्या. त्यांच्यावर क्रॉस फिरतो. माझी बोटं हातोड्यानं जाड झालेली, माझ्याकडून त्या पडायच्या. ती वाटीला आतून वंगण लावायची आणि एकेक सुई चिकटवत जायची.

"घावला का तुमचा चोर?" तिनं विचारलं.

"नाय."

"मंग मी काय जलमभर सुयाच लावू?"

"लाव गं गप."

"गपच हाय. तुमी बोलता म्हणून तुमच्या पडत्यात."

चोर म्हणजे क्रॉस कशानं तुटतो ते कारण. लढाई संपल्यावर पलटणीच्या जुन्या जिपा विकायला निघाल्या, त्यातली एक आमच्या भागातल्या एका ठेकेदारानं घेतली. खालापूरकडच्या रानातून कोळशाची पोती कर्जतच्या ठेसनावर न्यायची. मी कडावात बैलगाड्या दुरुस्त करणारा, दुसरी शिकलेला. जवळ दुसरं कोणी नव्हतं म्हणून जीप माझ्याकडे आली. बाकी सगळं मला जमलं. मागच्या शाफ्टचा क्रॉस मात्र टिकेना. बसवला की थोड्या दिवसांत चढावर कडाड वाजायचा. उघडून बघावं तर सुयांच्या कण्या झालेल्या आणि वाटीत तांबडी भुकटी.

आधी मी ड्रायव्हरला धरला. म्हटलं, हा पक्क्या सडकेवरसुद्धा इंजिनाचा जोर चारी चाकांना जोडून पळवतो. त्याला दम दिला. तरी तुटला. मग शाफ्ट वाकला असेल म्हणून खडू टेकवून फिरवून बघितला. सरळ होता. मग क्रॉसच वाईट म्हणून मोडीत निघालेल्या दुसऱ्या जिपेचा काढून आणला. तोही गेला. पुढच्या शाफ्टचे क्रॉस मात्र धडधाकट. मी समजलो, मागच्यावर ओझं जास्त पडतं.

ठेकेदार दारात येऊन बोलून गेला होता. "आता तुटला तर गाडी मुंबईला धाडतो. तू बैलगाड्याच ठोकत बस." ती आत चूल फुंकत होती, तिनं ऐकलं. म्हणून रोज विचारायची, चोर घावला का. ठेकेदाराचं बोलणं मला लागलं नव्हतं तेवढं तिला लागलं होतं.

त्या दिवशी चारी वाट्या भरून आम्ही क्रॉस शाफ्टात बसवला. जिपेखाली घालायचा तेवढा राहिला. तिनं भाकऱ्या केल्या, मला वाढलं. छातीत कळ येते म्हणून भिंतीला टेकली. मी पाणी घेऊन आलो तर मान कललेली. वैद्याकडे माणूस धाडला, पण ते धाडायचं म्हणून. दिवस मावळायच्या आत नदीवर नेऊन आलो. एवढंच. जास्त लिहिता येत नाही.

सकाळी शेजारची सून चहा घेऊन आली. भांडी तशीच पडली होती. "ठेवा मामा, मी घासते," म्हणाली.

"मी घासतो."

"तुमाला येतंय व्हय?"

"येत नाय. म्हणून तर घासतो."

चुलीतली राख घेतली. मुठीत पेंढ्याचा बोळा धरून तांब्या घासायला बसलो. राख करकरत होती. तांब्या उजळायला लागला आणि माझा हात थांबला. राख भांडं उजळते म्हणजे भांड्याला खाते. आणि आमचं वंगण? बैलगाडीच्या कण्याला लावतात तेच. पेंढा जाळायचा, त्याची राख एरंडेलात खलायची. जिपेबरोबर आलेलं डब्यातलं ग्रीस थोडंसंच होतं. ते मी पुढच्या शाफ्टला घातलं आणि मागच्याला हे. मीच तिला सांगितलं होतं, दाट कर. तिनं केलं, वस्त्रगाळ करून. पण वस्त्रगाळ केली तरी ती राखच. बैलगाडीचा कणा मनगटाएवढा, त्याला काय होतं? या सुया काडीएवढ्यासुद्धा नाहीत.

"घावला गं," मी म्हणालो. शेजारची सून माझ्याकडे बघत राहिली.

तांब्या तसाच टाकून अंगणात गेलो. शाफ्ट फळीवर होता. शेजारचा म्हातारा बांधावरून ओरडला, "आरं, सुतकात हत्यार धरतोस?" मी हातोडा उचलला. वाट्या ठोकून बाहेर काढल्या. आत सगळ्या सुया उभ्या होत्या. एक पडलेली नव्हती. वंगणात तिच्या बोटाचा वळसा होता.

मग नखानं एकेक सुई काढली. सगळ्या रॉकेलात धुतल्या. चारी वाट्या पुसल्या, एकीतलाही वळसा ठेवला नाही. डब्याच्या तळाशी ग्रीस उरलं होतं, ते खरवडून वाट्यांना लावलं आणि सुया उभ्या करायला बसलो. पडत होत्या. दोन लावल्या की तिसरी आधीच्यांना घेऊन पडायची. तोंड बंद ठेवलं. उन्हं अंगणात आली तेव्हा चौथी वाटी भरली. शाफ्ट जिपेखाली घातला, बोल्ट आवळले.

वाट्यांतून पुसून काढलेलं वंगण फडक्यात होतं. दारात दुरुस्तीला आलेल्या बैलगाडीचं एक चाक उतरवलं आणि ते सगळं कण्याला लावलं.